रात्रीची बारी आणि बुधवारपर्यंत न खुलणारा आवाज

प्रश्न विचारणारे बुवा कणकवलीच्या बाजूचे आहेत. वय ३१, दिवसा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी, रात्री डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा समोरासमोरचा सामना. पट्टी काळी चार, म्हणजे हार्मोनियमवरची चौथी काळी पट्टी हा त्यांचा सा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "शनिवारी रात्री बारी झाली की रविवारी सकाळी आवाज घोगरा असतो. पाच वर्षांपूर्वी दुपारपर्यंत खुलायचा, आता बुधवार उजाडतो. आलं, मध, ज्येष्ठमध, खडीसाखर, गरम पाणी, सगळं चालू आहे. येत्या गुरुवारी परत सामना. ओळखीच्या एकाने इंजेक्शन मारून उभं राहा म्हणून सांगितलं. घेऊ का? आणि बारी संपल्यावर घशासाठी नेमकं करायचं काय?"

बुवा, इंजेक्शनचं मागाहून बोलू. मला अडलेलं वाक्य वेगळंच आहे आणि ते तुम्ही सहज लिहून गेलात: "आता बुधवार उजाडतो." बारीनंतर सकाळी आवाज जड असणं यात काळजीचं काही नाही. दिवसभर लावणी करून आलेल्या माणसाची कंबर दुसऱ्या दिवशी धरतेच. पण तीच कंबर पूर्वी एका रात्रीत सुटायची आणि आता चार दिवस धरून बसते म्हटल्यावर आपण बाम बदलत बसत नाही, कंबर कुणाला तरी दाखवतो. आवाजाच्या बाबतीत मात्र माणसं बामच बदलत राहतात.

मी गेली बावीस वर्षं रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात वाचा-उपचाराचं काम करते. येणाऱ्यांत पहिला नंबर शिक्षकांचा. मग बुवा, दशावतारी, कीर्तनकार, मासळीबाजारात बसणाऱ्या बायका, आणि शिमग्यानंतर हमखास दोन-तीन मानकरी, पालखीपुढे गाऱ्हाणी घालून आणि "होय महाराजा" ओरडून आवाज बसलेले. जवळजवळ सगळे विचारतात, घशाला काय लावू? दुखरी जागा जिथे आहे तिथे काही लावता येत नाही, हे सांगण्यातच माझा पहिला अर्धा तास जातो.

तुम्हालाही तेच सांगते, तुमच्याच पट्टीत. काळी चारचा मध्य षड्ज लावता तेव्हा तुमचे दोन स्वरतंतू सेकंदाला साधारण २०८ वेळा एकमेकांवर आपटतात. तार षड्जाला, म्हणजे वरच्या सा ला, ४१५ वेळा. बारीतला प्रत्यक्ष गाण्याचा वेळ ४० मिनिटं धरला आणि सरासरी ३०० धरली, तर एका रात्रीत सात लाख वीस हजार टाळ्या झाल्या. आणि हे तंतू आहेत जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीचे. हळू गायलात तर टाळी अलगद पडते, रेटून गायलात तर सपकन. लाखो वेळा सपकन टाळी पडली की तंतूंच्या कडा सुजतात, सर्वांत जास्त मधोमध, कारण मार तिथे जास्त बसतो. सुजलेली कड नीट मिटत नाही, फटीतून हवा निसटते, तो घोगरेपणा. हळद, मध, गुळण्या यातलं काहीही त्या कडेवर पोचत नाही. गिळलेली वस्तू अन्ननलिकेत जाते, स्वरतंतू बसलेत श्वासनलिकेच्या तोंडाशी. प्यायलेलं पाणी चुकून त्यांच्यावर पडलंच तर काय होतं ते आपल्याला माहीत आहे. ठसका लागतो.

आता एक गंमत, जिच्यात भलेभले बुवा फसतात. सुजलेला तंतू जड होतो आणि जड तंतू सावकाश हलतो. म्हणजे सुजलेल्या आवाजाचा खर्ज छान लागतो. रविवारी सकाळी हार्मोनियम घेऊन बसलात तर मंद्र षड्ज, कधी त्याच्याही खाली, एरवी न लागणारा सूर भरदार लागेल. "बघ, रात्रीच्या मेहनतीने आवाज कसा खुलला!" अशी शाबासकी स्वतःला दिलेली माणसं मी पाहिलीत. तो खुललेला आवाज नसतो, सुजलेला असतो. तासाभराने खालचा सूर पुन्हा नेहमीच्या जागी आला तर ती झोपेची सूज. दुपारनंतरही खर्ज तसाच मिरवत असेल तर ती बारीची सूज अजून उतरलेली नाही.

म्हणून आवाज भरून आला की नाही हे खर्जावरून पाहू नका आणि जोर लावूनही पाहू नका. जोर लावला की सुजलेला तंतूही बोलतो. पाहायचं उंच आणि अगदी बारीक आवाजात. रोजच्या आरतीची पहिली ओळ घ्या, तार सप्तकात न्या आणि पाळण्यातलं मूल जागं होणार नाही इतक्या हळू म्हणा. एक-एक सूर वर चढवत जा. जिथे आवाज उशिरा उमटतो, आधी नुसती हवा येते आणि मग सूर, किंवा मध्येच तुटतो, तो तुमचा आजचा माथा. आठ-दहा दिवस गाणं नसताना ताज्या आवाजात हा माथा कुठे असतो ते एकदा पाहून वहीत लिहून ठेवा. मग बारीनंतर रोज सकाळी, बोलायला लागल्यावर तासाभराने, हीच ओळ. दोन मिनिटांचं काम. माथा मूळ जागी आला त्या दिवशी आवाज भरला. त्याआधी भरला असं वाटणं म्हणजे सवय झाली, एवढंच.

आता बारी संपल्यानंतरचं. तुम्ही घशात काय घ्यायचं ते विचारलंत, मी आधी दुसरं सांगते, कारण माझ्या अनुभवात सर्वांत जास्त फरक त्यानेच पडतो. तापलेला आवाज एकदम बंद करायचा नाही, उतरवत आणायचा.

काही वर्षांपूर्वी कुडाळजवळच्या एका जत्रेत दशावताराच्या रंगपटात, म्हणजे कलाकारांच्या तयारीच्या जागेत, बसले होते. स्त्रीपार्ट करणारे एक कलाकार माझ्याकडे उपचार घेत होते, त्यांचा रात्रीचा आवाज मला प्रत्यक्ष ऐकायचा होता. पहाटे आख्यान संपलं. ते आत आले, टोप काढला, लुगडं तसंच, आणि पहिल्यांदा हाक मारली चहाला. मी त्यांच्या हातात स्टीलच्या पेल्यात चार बोटं पाणी आणि एक साधा स्ट्रॉ दिला. स्ट्रॉचं टोक पाण्यात दोन बोटं बुडवायचं, ओठ घट्ट मिटायचे, गाल फुगवायचे नाहीत, आणि आतून "ऊ" म्हणत पाण्यात बुडबुडे काढायचे. आवाज बाहेर ऐकू येतो घुमल्यासारखा, ओठ आणि नाकाच्या शेंड्याशी झिणझिण्या येतात. बाजूला मृदंग उतरवणाऱ्याने हसून विचारलं, "ह्या फुरफुर करून काय होतला?" कलाकाराने हाताने थांब म्हटलं. पहिली दोन मिनिटं बुडबुडे तुटक येत होते, एक मोठा, मग काहीच नाही, मग तीन बारीक. हळूहळू ते एकसारखे झाले. मग मी बोटाने दाखवलं तसा त्यांनी सूर मध्यापासून थोडा वर नेऊन खाली सोडला, घसरगुंडीसारखा. पाच मिनिटं. त्यानंतर बोलले तेव्हा आवाजातली करकर निम्म्यावर आली होती आणि त्यांचं स्वतःचं म्हणणं होतं, मानेतला दोर कुणी तरी सैल केला.

यात जादू नाही. पाण्यातून हवा बाहेर ढकलताना थोडा दाब उलटा तंतूंकडे येतो. तो त्यांना किंचित दूर धरतो. ते हलतात, पण जोरात आपटत नाहीत. दुखऱ्या गुडघ्याला वजन न देता हलवावं तसं. फिनलंडमध्ये आंत्ती सोविजार्वी यांनी १९६०च्या दशकात काचेची नळी पाण्यात धरून ही पद्धत रुजवली. पुढे अमेरिकेतले इंगो टिट्झ यांनी बारीक स्ट्रॉचा प्रसार केला. आपल्याकडे गावातली पोरं पपईच्या देठाची पिपाणी करतात, तत्त्व तिथून फार लांब नाही. पण देठ वापरू नका, त्याला चीक असतो.

पूर्ण मौन बरं की असा हलका व्यायाम, यावर कॅथरीन व्हर्डोलिनी ॲबट यांच्या गटाचा २०१२ सालचा एक अभ्यास आहे. माणसं फक्त नऊ, त्यामुळे त्यावर इमारत बांधायची नाही. आवाज थकवून झाल्यावर काहींना गप्प बसवलं, काहींना नेहमीसारखं बोलू दिलं, काहींकडून हलका घुमारा देणारे व्यायाम करून घेतले. दुसऱ्या दिवशी सुजेच्या खुणा सर्वांत कमी होत्या त्या व्यायाम करणाऱ्यांत. माझ्या खोलीतला अनुभव त्याच दिशेचा आहे, म्हणून सांगितलं.

तेव्हा बुवा, गजर संपला, आरती झाली, की मंडपाच्या मागे पाच ते दहा मिनिटं. पेला नसेल तर मिटल्या ओठांनी गुणगुणणं, किंवा लहान मूल गाडी चालवताना करतं तशी ओठांची फुर्रर्र, वरून खाली सोडत. कुठेही जोर नको. घशात टोचलं तर थांबा.

खरं नुकसान होतं त्यानंतरच्या दोन तासांत. तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला ते दिसतंय. बारी संपते, माणसं गाठतात. "बुवा, काय उत्तर दिलात!" साउंड अजून चालू, झांजेचा नाद कानात, आणि तुम्ही त्या गोंगाटावरून बोलता. मग टेम्पोत दहा माणसं, खिडक्या उघड्या, इंजिनचा घरघराट, आणि समोरच्या बुवांनी कुठे चूक केली याची उजळणी घरापर्यंत. गोंगाटात माणसाचा आवाज आपोआप चढतो. एतिएन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्ये हे नोंदवलं, आपल्याला ते कळतसुद्धा नाही. आधीच सुजलेल्या तंतूंवर हे तास-दीड तासाचं ओरडणं म्हणजे मुरगळलेल्या पायाने देवळाच्या पायऱ्या चढणं. टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी बसा, मफलर गुंडाळा आणि झोपल्याचं सोंग घ्या. सोंगाला कुणी हसलं तर हसू दे.

आणि जेवण. गणपतीत पहाटे तीन वाजता काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे समोर येतात. नाही म्हणवत नाही, मलाही म्हणवणार नाही. पण भरपेट खाऊन अर्ध्या तासात आडवं झालं की पोटातलं आम्ल वर येतं आणि रात्रभर त्याच सुजलेल्या कडांना भाजत राहतं. कित्येकांना छातीत जळजळ होत नाही, फक्त सकाळी घशात गोळा, सारखं खाकरावंसं वाटणं आणि तोंडाला आंबटसर चव. तुम्हाला असं होत असेल तर चार दिवसांतला निदान एक दिवस तिथे जातोय. बारीच्या आधी संध्याकाळी नीट जेवा. पहाटे उकड्या तांदळाची पेज, वर चमचाभर तूप, बस. पेजेने पोटही भरतं आणि पाणीही जातं. झोपताना डावी कूस, आणि खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन विटा. नुसत्या उश्या वाढवल्या तर पोट दुमडतं आणि उलटंच होतं. बारीनंतरची ती दुसरी "बैठक" असेल तर तिच्यातून काही मिळत नाही. दारू कोरडं करते, आम्ल वर आणते आणि माणसाला मोठ्याने बोलायला लावते, तिन्ही एकदम.

पाण्याबद्दल. पाणी तंतूंना भिजवतं ते रक्तातून, आणि त्याला काही तास लागतात. बारीच्या मध्यात घेतलेला घोट तोंडाला बरा, तंतूंना मिळतं ते दुपारी प्यायलेलं. लघवी फिकट असली म्हणजे पुरेसं. इथल्या दमट हवेत आपल्याला वाटतं कोरडेपणा कसला, पण मंडपात चार तास घाम गाळल्यावर अंगात किती पाणी उरतं? दिवाळीनंतर रात्री वारा मतलई झाला, जमिनीवरून समुद्राकडे, की हवाही कोरडी होते, त्या दिवसांत जास्त जपा. चहाचं म्हणाल तर सुरुवातीला मी येईल त्याचा चहा बंद करायची. आता नाही करत. दोन-तीन कपांनी कुणी कोरडं पडत नाही. आम्लपित्ताचा त्रास असेल तर मात्र कमी करा.

वाफ उपयोगी आहे, कारण स्वरतंतूंपर्यंत थेट पोचणारी ती एकच घरगुती गोष्ट. साधं पाणी, बाम नको, निलगिरी नको. थंडगार वाटतं म्हणून बरं वाटतं, पण काहींचा घसा त्याने आणखी कोरडा पडतो. भांडं मांडीवर घेऊ नका, जमिनीवर ठेवा, दर पावसाळ्यात कुणी ना कुणी पोळून घेतं. पाच-सात मिनिटं पुरे.

आलं, मध, खडीसाखर यांनी घसा मऊ लागतो, लाळ सुटते, खाकरणं कमी होतं. एवढा उपयोग खरा आहे, घ्या. ज्येष्ठमधाची कांडी मात्र दिवसभर गालात धरून ठेवायची सवय असेल तर कमी करा. फार दिवस, फार प्रमाणात चघळलं तर त्याने रक्तदाब वाढतो आणि अंगातलं पोटॅशियम घटतं. रक्तदाबाची गोळी चालू असणाऱ्या बुवांनी तर डॉक्टरांना विचारूनच. सोलकढी काहींना सोसते, काहींना पहाटे आंबट ढेकर देते. आपलं आपण ओळखावं.

खाकरू नका. मला माहीत आहे, सांगणं सोपं आहे. सुजलेल्या कडेमुळे तिथे काहीतरी अडकलंय असं वाटतं, म्हणून खाकरतो, खाकरल्याने कड आणखी सुजते, म्हणून आणखी वाटतं. खाकरावंसं वाटलं की आवंढा गिळा किंवा पाण्याचा घोट घ्या. हे चक्र तोडायला चार-पाच दिवस लागतात.

रविवार गप्प राहण्याचा. पण कुजबुजायचं नाही. कुजबुजणं म्हणजे आराम असा समज आहे. बरेच जण कुजबुजताना तंतूंच्या वरचा सगळा गळा आवळतात. शाळेची पाटी आणि खडू घरात आणा, गुरुजींना ते शोभेल. फोन बंद, कारण रविवारी सकाळीच कौतुकाचे फोन येतात. दर दोन-तीन तासांनी स्ट्रॉचे तीन-चार मिनिटं बुडबुडे, एवढाच आवाज. आणि झोप. पहाटे चारला आडवे झालात तर अकराच्या आधी उठवायचं नाही असं घरी सांगून ठेवा.

मौन एक दिवस, फार तर दोन. त्याहून जास्त स्वतःच्या मनाने नको. ही चूक मी केलेली आहे. कामाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका कीर्तनकार बाईंना मी दहा दिवस मौन दिलं. तंतू दहा दिवसांत बरे दिसायला लागले, पण बाई आवाज लावायलाच घाबरायच्या. धरून धरून, दबक्या सुरात बोलायच्या, आणि त्या धरण्यानेच घसा दुखायचा. सूज दहा दिवसांत उतरली, ती भीती उतरवायला दोन महिने लागले. त्या मला कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत, म्हणून जास्त लक्षात राहिलं.

आता तुमची सोमवारची शाळा. मला शंका आहे की तुमचा बुधवार इथेच अडकलाय. शनिवारी सुजलेला आवाज रविवारी अर्धा उतरतो आणि सोमवारी साडेदहाला पत्र्याच्या वर्गात, बाहेर पाऊस, तिसरीच्या चाळीस पोरांपुढे तुम्ही परत बारीला उभे राहता. पाच वर्षांपूर्वीही शाळा होती म्हणाल. होती, पण तेव्हा महिन्यात बाऱ्या किती होत्या आणि आता किती? सोमवारी पाढे पोरांनी म्हणायचे, वाचन पोरांनी करायचं, तुम्ही फळ्यावर लिहायचं. गप्प करायला ओरडण्याऐवजी टाळीची खूण ठरवा, एक टाळी तुमची, दोन त्यांच्या. पोरांना तो खेळ वाटतो. कमरेला लावायचा छोटा स्पीकर आणि डोक्याला अडकवायचा माइक बाजारात सहज मिळतो. सुरुवातीला हसतील, आठवड्याने विसरतील. मैदानावर शिट्टी.

बारीतही दोन गोष्टी बघा. एक, साउंडवाल्याला सांगून एक लहान बॉक्स तुमच्याकडे तोंड करून ठेवून घ्या. सगळे बॉक्स लोकांकडे, कानाशी झांज आणि मृदंग, स्वतःचा आवाज तुम्हाला ऐकूच येत नाही. मग माणूस रेटतो. हा एक बॉक्स कुठल्याही औषधापेक्षा मोठा. दुसरी गोष्ट तुम्हाला आवडणार नाही. डबलबारीत आवाज गाण्याने कमी आणि मधल्या बोलण्याने जास्त जातो. रूपावली, अभंग, गौळण यात तुमचा श्वास तालमीतला असतो. पण समोरच्याला टोला द्यायला तुम्ही बोलता तेव्हा श्वास संपलेला असतो, मान पुढे आलेली असते, शिरा दिसतात. माइक जवळ घ्या आणि हळू बोला. टोला हळू आवाजातही बसतो, बरेचदा जास्त बसतो.

पट्टीवरून भांडण नको म्हणून एवढंच सांगते की माथा खाली आलेल्या आठवड्यात काळी चार सोडून पांढरी पाचला या, अगदीच तर काळी तीनला. लोकांना अर्धा सूर कळत नाही. मृदंगाची शाई लावून घ्यायला लागेल म्हणून तुमचे मृदंगमणी कुरकुर करतील तेवढीच.

आता इंजेक्शन. ते बहुतेक स्टेरॉइडचं असतं. सूज झपाट्याने उतरते आणि माणूस उभा राहतो हे खरं. पण उतरलेली असते सूज, तंतू बरा झालेला नसतो. दुखरी जागा बधिर करून त्याच पायावर धावायला लावावं तसं ते आहे. मोठे गायकही कधी कधी घेतात, पण नाक-कान-घसा तज्ज्ञाने दुर्बिणीतून तंतू बघितल्यावर, तिथे रक्त साचलेलं नाही याची खात्री झाल्यावर, आणि त्यानंतरचे दिवस मोकळे ठेवून. न बघता दिलेलं इंजेक्शन घेऊ नका. दुकानातून आणलेल्या गोळ्यांचंही बघा. रात्रभर बसून अंग दुखतं म्हणून बारीच्या आगेमागे ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका, त्यांनी रक्तस्रावाची शक्यता वाढते. लागलंच तर पॅरासिटामॉल. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल त्यांनी ती परस्पर बंद करायची नाही. सर्दीच्या गोळ्या नाकाबरोबर घसाही सुकवतात.

एक प्रसंग असा आहे की तिथे घरगुती काहीच नाही. गाता गाता एकदम, एका सुरात, आवाज गेला किंवा फाटला, तर त्या क्षणी थांबायचं. बारी अर्ध्यात राहिली तरी. तंतूतली बारीक रक्तवाहिनी फुटलेली असू शकते. त्या वेळी पूर्ण मौन, स्ट्रॉसुद्धा नाही, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर. श्वास घेताना आवाज येणं, गिळायला त्रास, थुंकीत रक्त, मानेला गाठ, यातही वाट बघायची नाही. घोगरेपणा तीन आठवडे टिकला तर कुणीही दाखवायलाच हवं, तंबाखू, मशेरी, विडी असेल तर त्याच्याही आधी.

तुमच्यात यातलं काही नाही. तरी दुर्बिणीने बघून घ्याच, कारण भरून यायला लागणारा वेळ सारखा वाढत जाणं ही कडेवर काहीतरी कायमचं जमू लागल्याची खूण असू शकते. कोवळ्या गाठी असतील किंवा एका बाजूचा पॉलिप, म्हणजे मऊ फुगवटा. पुरुषांत पॉलिप जास्त बघायला मिळतो. कोवळी गाठ बहुतेक वेळा शस्त्रक्रियेशिवाय, आवाजाच्या उपचारानेच जिरते. जुनी, टणक झालेली जिरत नाही. म्हणून यंदाच.

गुरुवारचं असं करा. बुधवारी सकाळी आरतीची ओळ म्हणून बघा. माथा नेहमीपेक्षा एखाद्या सुराने खाली असेल तर पट्टी उतरवून, गजर कोरसवर सोडून, बोलणं निम्मं करून गा. तीन-चार सुरांनी खाली असेल तर आयोजकांना बुधवारीच फोन करा, तेही दुसऱ्या कुणाला करायला लावून. गुरुवारी दुपारी कळवलेलं त्यांना परवडत नाही, बुधवारी कळलं तर दुसरे बुवा मिळतात.

तपासणीला स्ट्रोबोस्कोपी, म्हणजे लुकलुकत्या प्रकाशात तंतूंची हालचाल सावकाश दाखवणारी दुर्बीण, असेल अशी जागा विचारून जा, कारण साध्या दुर्बिणीत तंतू हलताना नीट दिसत नाहीत. जवळ नसेल तर तुमच्या बाजूची पुष्कळ माणसं गोव्यात बांबोळीला किंवा कोल्हापूरला जातात. मोबाइलवर बारीच्या आधीचं आणि दुसऱ्या सकाळचं, दोन्ही रेकॉर्डिंग न्या, आणि माथ्याची वही. आणि आठवडाभर आराम करून, आवाज छान खुलवून जाऊ नका. खुललेल्या आवाजात डॉक्टरांना नेमका बिघाड कमी दिसतो. बारीनंतरच्या सोमवारी सकाळची वेळ घ्या, शाळेत अर्धी रजा टाका आणि घोगरा आहे तसाच आवाज घेऊन जा.